सुमनची बारा पानं

प्रिय इरा आणि मिहिर,

मला कोणाचाही हेवा वाटत नाही. हे पत्र आजच लिहायला घेतलं, कारण परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "आजी, समोरच्या सुमनआजीने आम्हालाही तिच्या आठवणी पाठवल्या. मस्त आहेत यार. तू कधी लिहिणार?"

सुमन फोनसमोर बोलते आणि अक्षरं आपोआप उमटतात. सरकारी कचेरीत तीस वर्षं स्टेनो म्हणून मी साहेबांचं डिक्टेशन घेतलं. म्हटलं, आता मी साहेब.

"माझा जन्म..." म्हणून मी विचार करायला थांबले, तर आजोबा आत आले. पडद्यावर उमटलं : माझा जन्म चहा झाला का.

मग ठरवलं, आधी सगळं रेकॉर्ड करायचं, नंतर ऐकून शांतपणे टाइप करायचं. (पद्धत म्हणजे पद्धत.) चाळीस मिनिटं बोलले, शेवटी सवयीने "युअर्स फेथफुली" म्हणाले आणि फोन खाली ठेवला. आमच्या कचेरीत एवढं म्हटलं की डिक्टेशन संपायचं.

फोन आमच्या कचेरीत नव्हता.

"सुमनने पुरणपोळीवर दोन पानं लिहिलीत," मी आजोबांना म्हणाले, "त्यात माझं नाव कुठंय? इथे दिल्लीत, मयूर विहारला आली तेव्हा हिला पुरण शिजलेलं कळत नव्हतं."

"अगं, हळू. दार उघडं आहे."

"ऐकू दे."

सकाळी आजोबा खुशीत होते. "तुझं काम सोपं केलं. रेकॉर्डिंग सुमनवहिनींना पाठवलं. त्या फोनकडून लिहून घेतात."

"कुठपर्यंत?"

"शेवटपर्यंत. बिल्कुल शब्दन् शब्द."

मी ते ऐकलं. "युअर्स फेथफुली"नंतर अकरा मिनिटं फक्त सुमनचाच विषय होता. घाईघाईने सगळं पुसून टाकलं. आमच्या फोनवरून.

दुपारी सुमन छापलेली पानं फाईलला लावून घेऊन आली.

"छान झालंय गं. शेवट जरा लांबलाय."

"तो काढून टाक ना."

"छे, तिथेच तर तू मोकळी बोललीस. आणि पोळी तू शिकवलीस ते माझ्या आठवणींत घातलंय. तुझं नाव दोनदा आलंय."

भांडली असती तर बरं झालं असतं. आता तिच्या चांगुलपणाचाही हेवा करणं आलं.

तर मुलांनो, माझ्याकडे रेकॉर्डिंग उरलेलं नाही. सुमनने उतरवलेली बारा पानं उरली आहेत, ती सोबत जोडली आहेत. शेवटची तीन वाचू नका. आजोबांच्या मते मात्र वाचण्यासारखी तेवढीच आहेत.