रॉकेलची भाकर
रॉकेलचा वास आला की मला चिखलदऱ्याचा घाट आठवतो. आम्ही दोघं अमरावतीच्या एकाच शाळेतले मास्तर. मी भिक्षुकाच्या घरातला, तो नुकत्याच बौद्ध झालेल्या घरातला. दिवाळीच्या सुटीत त्याच्या जुन्या फटफटीवर शाळेचा तंबू, सतरंज्या नि स्टोव्ह दोरीनं आवळून निघालो. बांधाबांध माझी होती, आणि स्टोव्ह मी नेमका त्याच्या आईनं दिलेल्या भाकरींच्या गाठोड्यावर ठेवला. परतवाड्यापुढे चढ लागला तशी फटफटी दोघांना ओढेना, म्हणून निम्मा घाट आम्ही तिला ढकलतच चढलो. वर पोचलो तेव्हा पायांत जीव नव्हता. तंबू तसाच टाकून आधी गाठोडं सोडलं. पहिल्या घासालाच कळलं, स्टोव्ह पाझरला होता. पण त्याच्या घरचं मी पहिल्यांदाच खात होतो. हात थांबला तर मी विटाळ मानतो असं त्याला वाटेल, म्हणून मान खाली घालून अख्खी भाकर संपवली. समोरच फटफटीवरचं सामान उतरवून झाल्यावर त्यानं तुकडा तोंडात टाकला आणि लगेच थुंकला. "अबे, हे तर रॉकेल हाय! तू काहून खाऊन राहिला?" मी गाठोडं परत बांधायला लागलो. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. "म्हंजे मी तसं समजीन, असं वाटलं तुले?" एवढं बोलून तो थकल्या अंगानं तंबूच्या खुंट्या ठोकायला उठला. आता तो राहिला नाही, आणि मला वाटत राहतं, तो पहिला घास मी त्याच्यासमोर थुंकायला हवा होता.