स्टिअरिंगची थरथर आणि कोल्हापुरातला मुक्काम

सकाळी सातला आम्ही पुणं सोडलं. मी, माझी पत्नी सुमती आणि मागच्या सीटवर आई. गाडी तेरा वर्षांची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रत्नागिरीला मेहुणीचं लग्न होतं. कोल्हापुरात मुक्काम करून सकाळी आंबा घाट उतरायचा, असा बेत होता.

सातारा मागे पडला आणि स्टिअरिंग थरथरू लागलं.

"रस्ता खराब आहे," मी म्हणालो.

कऱ्हाडपुढे रस्ता गुळगुळीत होता, तरी हातांना मुंग्या येत होत्या. मी वेग कमी केला आणि लग्नाचा विषय काढला.

कोल्हापुरात दुपारी खाणावळीत तांबडा रस्सा (मटणाचा तिखट, पातळ रस्सा) ओरपला. आईने घरच्या दशम्या खाल्ल्या. मग सुमतीच्या आग्रहावरून मंगळवार पेठेत दस्तगीरभाईंच्या गॅरेजात गेलो.

"ब्रेक दाबल्यावर वाढतंय?" त्यांनी विचारलं.

"नाही. तसं विशेष काही नाही."

ते सुमतीकडे वळले. "वैनी, तुमी सांगा की."

"पन्नासच्या वर गेलं की थरथरतं. वळणावर खालून टकटकही येते."

टकटक मीही ऐकली होती.

दस्तगीरभाईंनी जॅक लावून पुढचं चाक उचललं, दोन्ही बाजूंनी धरून डावं-उजवं हलवलं. टक. मग त्यांनी मला खाली वाकायला लावलं. चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा झिजून खिळखिळा झाला होता.

"ह्यो निसटला, तर स्टिअरिंग तुमच्या हातात आनि चाक जाईल तिकडं."

"उद्याचा घाट तेवढा उतरतो. रत्नागिरीत दुरुस्त करू."

"मग चावी न्हाय मिळायची, पावणं (पाहुणे)!" ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले आणि चावी खिशात टाकली.

"बरोबर बोलतायत ते," आई बाकावरून म्हणाली.

नवा सांधा सांगलीहून दुसऱ्या दिवशी दुपारी यायचा होता. सुमती आणि आई पहाटेच्या एसटीने पुढे गेल्या. सांधा बसवून मी निघालो, तेव्हा तीन वाजले होते. घाटात एका वळणावर कठडाच नव्हता. खाली दरी दिसली. मांडवात पोचलो, तेव्हा पंगती उठत होत्या. थोरल्या जावयाशिवाय लग्न लागलं होतं.

परतीच्या वाटेवर चहाला थांबलो, तेव्हा मी सुमतीला सांगितलं, "टकटक मलाही ऐकू येत होती."

"कळलं होतं मला," ती म्हणाली. "तुम्ही बोलाल म्हणून कोल्हापूरपर्यंत वाट पाहिली. माझंही चुकलंच. मागे आई बसल्या होत्या."

ती गाडी आम्ही पुढे चार वर्षं वापरली. खालून जरा कुठे आवाज आला, की सुमती म्हणायची, "कडेला घ्या." मी घ्यायचो.