बारकीने सांगितलेली गोष्ट

जन्मली तेव्हा मुठीएवढी होती म्हणून तिला बारकी म्हणायला लागले. पुढे ती आईपेक्षा वीतभर उंच झाली, तरी नाव काही सुटलं नाही. एकोणिसाव्या वर्षी ती चष्म्याच्या दुकानात लागली. मागच्या अरुंद खोलीत मशीनवर बसायचं, फ्रेमच्या मापाने काच घासायची आणि ती अलगद फ्रेममध्ये बसवायची, हे तिचं काम. आई हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. वडिलांचं कुणी विचारलं की आई म्हणायची, "वारले." विषय तिथेच संपायचा.

खरं तर ते वारले नव्हते. दुसऱ्या गावात दुसऱ्या बाईबरोबर ते खुशाल राहत होते. बारकी सात वर्षांची असताना आई तिला एकदा बसने तिथे घेऊन गेली होती. त्या घरासमोरच्या फुटपाथवर दोघी तासभर उभ्या राहिल्या. बारकीच्या हातात बिस्किटांचा पुडा होता. वडील बाहेर आले, एका लहान मुलाला सायकलवर पुढे बसवलं आणि गेले. इकडे नजरसुद्धा वळली नाही. आईने हाक मारली नाही. परतीच्या बसमध्ये ती एवढंच म्हणाली, "हे तुझ्यामाझ्यात. कुणाजवळ बोलायचं नाही." बारकीने ते बारा वर्षं पोटात ठेवलं.

मग दुकानात सिनेमावाला आला. तो सिनेमा करायचं शिकत होता आणि त्याच्या चष्म्याची दांडी सैल झाली होती. आठवड्यात तो तिसऱ्यांदा आला तेव्हा मालक मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "बारके, स्क्रू चष्म्याचा सैल नाही गं, ह्याचाच आहे!" तिचे कान लाल झाले. पण त्या संध्याकाळी ती त्याच्याबरोबर चालत घरी गेली, आणि मग रोजच.

तिच्याकडे एवढं लक्ष आजवर कुणी दिलंच नव्हतं. ती काय बोलते, कुठे थांबते, सगळं तो कान देऊन ऐकायचा. एकदा नदीच्या पुलावर बसले असताना तिने त्याला ते फुटपाथवरचं सांगून टाकलं. सांगताना रडली. त्याने तिचा हात धरला आणि हळूच विचारलं, "आईच्या पायात काय होतं त्या दिवशी?"

"चप्पल. एकीचा अंगठा तुटलेला. पिन लावली होती."

"आणि तू बिस्किटं खाल्लीस?"

"नाही. चुरा झाला सगळा. मुठीत."

माणसाचा जीव जडला म्हणजे त्याला आपलं असं बारीकसारीकही हवंसं वाटतं, असं तिला वाटलं. ती विरघळून गेली.

वर्षभराने त्याचा सिनेमा तयार झाला. कोवळ्या वयातल्या दोघांच्या प्रेमाची गोष्ट आहे, एवढंच तो सांगायचा. "आधी वाचायचं नाही. पडद्यावरच बघ." रविवारच्या दुपारच्या खेळाला ती आईलाही हट्टाने घेऊन गेली. आईने ठेवणीतले कपडे घातले. जावई म्हणून हा कसा काय, ते तिलाही बघायचं होतं.

अर्धा सिनेमा गोड होता. मग पडद्यावर एक बाई फुटपाथवर उभी राहिली. तुटक्या चपलेला पिन. शेजारी मुलगी, मुठीत बिस्किटांचा चुरा. समोरून सायकल गेली. पुढच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला. शेजारी बघायची तिची छाती होईना. आई उठली नाही, रडली नाही, शेवटपर्यंत बसून राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "तू सांगितलंस." तो प्रश्न नव्हताच.

दुसऱ्या दिवशी बारकीने त्याला गाठलं.

"केसाने गळा कापलास माझा."

"अगं, नाव कुठे घेतलंय कुणाचं? लोक रडले, पाहिलंस ना? हे सगळं तुझ्यामुळेच."

"मी तुला सांगितलं होतं. लोकांना नाही."

"मला कशाला सांगितलंस मग?" तो म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं. पुलावरचे ते सगळे प्रश्न तिला आठवले. ती वळली ती परत त्याच्याकडे गेली नाही. पुढे सिनेमाला बक्षीस मिळालं आणि तो मोठ्या शहरात निघून गेला.

धुलाईघरातल्या बायकांनीही सिनेमा पाहिला. एकजण म्हणाली, "त्या बाईचं बघून जीव तुटला गं." आई इस्त्री फिरवत म्हणाली, "मीच ती. नवरा मेला नाही माझा, सोडून गेला." हे बारकीला तिथेच कामाला असलेल्या मावशीकडून कळलं.

घरी आई तिच्याशी भांडली नाही. जेवलीस का, दार लावून घे, एवढंच बोलायची. एकदा बारकी तिच्या पायाशी बसून म्हणाली, "आई, रागव तरी." आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "राग येऊन गेला गं. झोप आता."

पुढे मालक थकले आणि दुकान बारकीच पाहू लागली. आईचं बोलणंही हळूहळू पूर्वीसारखं झालं. दोघी हसायच्या, बाजारात जायच्या. सगळं सुरळीत झालं असंच बारकीला वाटत होतं. मग एके दिवशी मावशी चष्मा न्यायला आली आणि बोलता बोलता म्हणाली, "तुझे वडील वारून आठ महिने झाले की. तुझी आई जाऊन आली ना तिकडे. एकटीच गेली."

बारकी तशीच उठून घरी आली. आई कणीक मळत होती.

"मला का नाही सांगितलंस?"

आई मळत राहिली. मग म्हणाली, "ओठावर आलं होतं, दोनदा. नाही सांगवलं."

बारकीने हात धुतले आणि आईशेजारी पोळ्या लाटायला बसली.