टेबलाखालची बादली

आईसाठी मोसंबी सोलतोय. सालीचा कडसर वास बोटांना लागला, फोडीवरचे पांढरे दोरे नखानं काढून बशीच्या कडेला ठेवले आणि एकदम नांदेडचं शवविच्छेदनगृह आठवलं. मोसंबीवरून मढं आठवणारा माणूस मी, काय करणार!

डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला होतो. आमच्या टेबलावर मुरुडकडची एक आजी होती, देहदान केलेली. मला घाई स्नायूंची, नसांची. परीक्षेत तेच विचारतात. मध्ये येणारा पातळ पांढरा पापुद्रा म्हणजे नुसता अडथळा, अशी माझी ठाम समजूत. ओरबाडला आणि दिला कचरापेटीत टाकून. तिथले म्हातारे सेवक, आम्ही त्यांना मामा म्हणायचो, खाली वाकले. एकेक तुकडा वेचून त्यांनी टेबलाखालच्या झाकणाच्या बादलीत ठेवला. प्रत्येक टेबलाची आपली बादली, वर आकडा रंगवलेला. त्या देहातलं जे निघेल ते तिच्यातच.

"डॉक्टरसाहेब, ह्ये बी आजीचंच हाय," मामा म्हणाले. "तिच्या मालकाला शब्द दिलाय मी. त्यांच्यात माती देतात. म्हणले, शिकू द्या पोरांना, पण मातीत जाईल तवा समदी जाऊ द्या."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर तो पापुद्रा मी नीट पाहू लागलो. संयोजी ऊती. कातडीला स्नायूशी धरून ठेवणारी, रक्तवाहिन्यांना जागेवर राखणारी, कुठे जाड दोर होऊन स्नायू हाडाला बांधणारी, जखम झाली की धागे विणून ती बुजवणारी. हाड, कूर्चा, चरबी, अगदी वाहतं रक्तसुद्धा याच घराण्यातलं. आणि मी तिला केर समजलो होतो! वर्ष सरलं तेव्हा देहासोबत मातीत द्यायला आजीची बादली मामांनी आणि मी मिळून उचलली. तिच्या मालकांसमोर माझी मान वर होईना, पण मामांचा शब्द मोडला नव्हता.

आता लातूरला मीच हे शिकवतो. आज सकाळी आईनं देहदानाचा फॉर्म पुढ्यात सरकवला. वारस म्हणून माझी सही हवी. दुसऱ्यांच्या आयांवर शिकलो, शिकवलं, आणि स्वतःच्या आईच्या कागदावर पेन टेकवेना. भीती वाटते ती माझ्यासारख्याच एखाद्या घाईच्या पोराची.

मोसंबी देताना तिला ही सगळी गोष्ट सांगितली. फोड चघळत तिनं ऐकून घेतली.

"मग तुमच्याकडं हाय का कुणी तसा मामा?"

मामा जाऊनही आता वर्षं झाली. "मी हाय की," मी म्हणालो.

"मग कर सही. अन् मला सांडू नको रे कुठं."

सही केली. बादल्यांवरचे आकडे अलीकडे पुसट झालेत. उद्या कॉलेजात गेल्या गेल्या ते माझ्या हातानं नव्यानं रंगवायचे आहेत.