ताटावरचा अखंड ठोका

“खाली माझी बहीण ताट बडवून बोलावत होती, आणि भावोजी वर स्लॅबवर डिशचे नट आवळत बसले होते. ताट थांबलं, तरी यांना उतरावंसं वाटलं नाही.”

हे वाक्य माझ्या मेहुण्यांचे, म्हणजे माझ्या पत्नीच्या थोरल्या भावाचे आहे. तिच्या वर्षश्राद्धाला, माझ्याच घरात, माझ्या शेजारच्या पानावर बसून त्यांनी ते उच्चारले. त्यापूर्वी वर्षभर ते इतरत्र उच्चारले जात होते, हे मला त्याच क्षणी कळले. कारण पंगतीतल्या कोणालाही नवल वाटले नाही. नवल वाटले ते एकट्या माझ्या मुलीला. ती भात वाढत होती. ती थांबली, तिने माझ्याकडे पाहिले, आणि पुढची तीन पाने तशीच ठेवून स्वयंपाकघरात निघून गेली.

तिच्या त्या पाहण्यासाठी मी हे लिहीत आहे. मेहुण्यांचे मत बदलावे अशी माझी अपेक्षा नाही. आमच्या लग्नात मांडवाचे तोंड कोणीकडे असावे याविषयी त्यांनी दिलेले मत त्यांनी अद्याप मागे घेतलेले नाही.

माझी सारी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात गेली. हद्दीच्या भांडणात दोन्ही बाजू शपथेवर बोलतात, दोन्ही बाजूंकडे म्हातारे साक्षीदार असतात, आणि दोन्हीकडचे म्हातारे रडतात. तेव्हा कोणाच्या रडण्यावर मी कधी नकाशा काढला नाही. स्वतःच्या रडण्यावरही काढणार नाही.

प्रथम किरकोळ गोष्टी निकालात काढतो. मेहुणे म्हणतात की मी क्रिकेटसाठी वर चढलो होतो. मी क्रिकेट पाहत नाही. संध्याकाळची मालिका पत्नीला हवी होती. त्या मालिकेतल्या सुनेला सासूने घराबाहेर काढले होते आणि पुढे काय झाले हे चार दिवस आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. मेहुणे म्हणतात की मी तासभर वर होतो. ते खरे आहे, पण ते त्यांनी पाहिलेले नाही. त्या दुपारी ते दापोलीला आपल्या बागेत होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आले. त्यांची सारी माहिती आमच्या शेजारणीकडून आलेली आहे. शेजारणीने दोन आवारांमधल्या गडग्यापलीकडून ताटाचा आवाज ऐकला, हे मला मान्य आहे. तिच्या फणसाची फांदी आमच्या डिशच्या नेमकी आड आली होती, ती तोडण्यावरून आमचे बोलणे वर्षभर बंद होते, आणि त्या फांदीमुळेच मला डिश जुन्या जागेवरून काढून न्हाणीघरावरच्या स्लॅबच्या दुसऱ्या टोकाला बसवावी लागत होती, हेही तिने सांगायला हवे होते.

आता ताटाविषयी.

डिश बसवायला आमच्याकडे पूर्वी तीन माणसे लागत. मी वर, मुलगी मागच्या दारात, पत्नी टीव्हीसमोर. पत्नी म्हणे “आलं”, मुलगी ओरडे “आलं”, तोवर माझा हात पुढे सरकलेला असे आणि आलेले गेलेले असे. मग पत्नी म्हणे, “अगो, सांग त्यांना, हात आहे की रहाट?” आणि मुलगी तेही जसेच्या तसे वर पोचवी. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेल्यावर दोघेच उरलो. त्यातच पत्नीच्या घशाचे ऑपरेशन झाले आणि तिचा आवाज इतका बारीक झाला की माजघरातून बोललेले ओटीवर ऐकू येईना. तेव्हा ताट आणि पळी ही युक्ती तिने काढली. एक ठोका म्हणजे येते आहे, चालू द्या. दोन ठोके म्हणजे गेले, मागे या. अखंड ठोका म्हणजे मिळाले, थांबा, आता हात लावू नका.

इतक्याच खुणा आम्ही ठरवल्या. वरच्या माणसाला खाली बोलावण्याची खूण ठरवली नाही. शिडी चढणारा म्हातारा मी. पडलो तर मी पडणार, अशी दोघांचीही समजूत होती. खाली खुर्चीवर बसलेल्या माणसाला काही होईल हे आमच्या हिशोबातच नव्हते. या चुकीतला माझा वाटा मी नाकारत नाही.

दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. साडेचारच्या सुमारास मी शिडी लावली.

“अहो, उद्या मिरजोळ्याचा तो माणूस बोलवा ना,” ती म्हणाली. “या वयात माकडासारखं वर काय चढायचं ते!”

“तो येऊन अंदाजाने बसवणार. अंश कळतात का त्याला?”

“तुम्हांला कळतात, म्हणून तर चार दिवस झाले, ती पोर घराबाहेर उभी आहे.”

हे तिचे माझ्याशी झालेले शेवटचे बोलणे. ते थट्टेचे होते. तिला त्या वेळी काही होत नव्हते.

ज्यांनी हे काम केलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमची डिश फुकट वाहिन्यांची, तिला दरमहा पैसे भरावे लागत नाहीत. आमच्या गावातून त्या उपग्रहाची दिशा आग्नेयेची. डिशचे तोंड तिकडे करायचे, ठरावीक उंचीवर उचलायचे आणि मग केसाकेसाने फिरवायचे. आत टीव्हीवर दोन पट्ट्या दिसतात. स्ट्रेंथची पट्टी नुसती तार जोडली तरी भरते. तिच्यावर विश्वास ठेवणारा फसतो. दुसरी क्वालिटीची. डिश नेमकी रोखली गेली तरच ती उठते, आणि बोटभर चूक झाली की शून्यावर पडते. त्या पानावर आवाज नसतो, चित्र नसते. स्लॅबवरून ते काही दिसत नाही. वरचा माणूस आंधळा असतो.

जागा नवी, म्हणून जुन्या खुणा निरुपयोगी होत्या. पाऊण तास मी फिरवत होतो. एक ठोका यायचा, मी सरकायचो, दोन ठोके यायचे, मी परत यायचो. कधी बराच वेळ काहीच येत नसे; तेव्हा मला तिचा चेहरा न पाहता दिसे. ऊन कौलांवरून उतरले. खाडीकडून वारा सुटला. मग एक ठोका आला. थोड्या वेळाने आणखी एक. मी श्वास धरून डिशची कड अंगठ्याने ढकलली, आणि ताट अखंड वाजू लागले.

मी हात काढला नाही, हलवला नाही. तिनेच शिकवले होते. डाव्या हाताने डिश धरून उजव्या हाताने पाना लावला. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत नट सरळ फिरत नाहीत. एकेकाला खोबरेल लावून, मागेपुढे करून आवळावे लागते. चार नट होते. पहिला आवळेपर्यंत ताट वाजत होते. दुसऱ्याच्या वेळी ठोके विरळ झाले. मध्ये एक मोठा खंड पडला, मग एक ठोका आला, आणि पुढे काही आले नाही.

ठोके विरळ झाले हे शेजारणीला ठाऊक नाही, मेहुण्यांना ठाऊक नाही. ते मी सांगतो आहे. ते माझ्या बाजूचे नाही, तरीही सांगतो आहे.

मला वाटले, ती चहा ठेवायला उठली. मी राहिलेले दोन नट आवळले. “आलं ना गो?” असे एकदा विचारले. उत्तर आले नाही, आणि उत्तर येण्यासारखा तिचा आवाज नव्हताच. मी खाली उतरलो तेव्हा ती खुर्चीतच होती. ताट मांडीवर होते. पळी खाली पडली होती. टीव्हीच्या पडद्याकडे मी पाहिले नाही. मी ओरडलो असणार, कारण शेजारीण गडगा ओलांडून आली. पाठोपाठ माणसे आली, त्यांतल्या कोणीतरी, शॉक लागला असेल म्हणून, ओटीवरचे विजेचे मुख्य बटण बंद केले. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका. क्षणात गेल्या असतील किंवा काही मिनिटे लागली असतील, सांगता येत नाही.

त्या “काही मिनिटां”मध्ये मेहुण्यांनी आपले वाक्य बांधलेले आहे.

त्यानंतरच्या वर्षाविषयी फार लिहिणार नाही. ताट मी धुतले, फडक्यात गुंडाळले आणि माळ्यावर ठेवले. त्याचा उपयोग झाला नाही. साडेचार-पाचच्या सुमारास घरात पोलादाचा आवाज येतो. भांडे पडल्यासारखा नव्हे; पळीने मारल्यासारखा, मोजून. मी मागच्या दारात जाऊन उभा राहतो आणि शेजारीण भांडी घासत आहे का ते पाहतो. कधी घासत असते. गणपतीत पलीकडच्या घरी आरतीच्या झांजा सुरू झाल्या तेव्हा मी नारळ सोलत होतो; माझा हात जागच्या जागी थांबला आणि झांजा संपेपर्यंत मला तो हलवता आला नाही. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. हाताला सवय लागते, इतकेच मी म्हणेन.

टीव्ही त्या दिवसापासून झाकलेला होता. लोकांना सांगितले की मला आता त्यात रस नाही. खरे कारण असे की मला ती क्वालिटीची पट्टी पाहायची नव्हती. मेहुण्यांचे वाक्य मेहुण्यांना सुचण्यापूर्वी मला सुचलेले होते. पहिल्याच रात्री सुचले होते. त्यांच्याशी माझे जे भांडण आहे ते त्यांनी ते सुचण्यावरून नाही. त्यांनी ते खरे मानले, यावरून आहे.

वर्षश्राद्धाची पाहुणेमंडळी गेल्यावर मुलगी मागच्या पायरीवर येऊन बसली.

“मामा म्हणतो ते खरं का हो, बाबा?”

“तुझा मामा दापोलीला होता.”

“ते नाही विचारलं मी. अखंड वाजवत होती का ती?”

“हो.”

“मग ती थांबा म्हणत होती, की या म्हणत होती?”

मी म्हणालो, “अखंड म्हणजे थांबा. ठरलेलं होतं.”

“ठरलेलं होतं, बाबा. पण तिच्या हातात ताटाशिवाय दुसरं होतं काय?”

ती संध्याकाळच्या गाडीने गेली. पोचल्याचा फोन तिने केला नाही, जावयांनी केला.

तिचा प्रश्न मेहुण्यांच्या वाक्यापेक्षा चांगला आहे, आणि त्याला उत्तर देता येते. दोनच शक्यता आहेत. ती मदतीला बोलावत असेल, तर तिचे लक्ष पडद्याकडे नव्हते. छातीत कळ आली तेव्हा तिने पळी उचलली, आणि त्या क्षणी माझा हात जिथे होता तिथे मी डिश कायमची आवळली. म्हणजे ती डिश आंधळ्याने आवळलेली आहे, आणि तिला आभाळातले काहीही दिसत नसणार. पाऊण तासात जे सापडले नाही ते नेमके त्या क्षणी योगायोगाने सापडावे, असे म्हणणाऱ्याने एकदा वर चढून फिरवून पाहावे. उलट, ती पट्टी उठलेली पाहून थांबा म्हणत असेल, तर तेव्हा तिचे डोळे उघडे होते, ती पाहत होती, मोजत होती, माझ्याबरोबर काम करत होती. आणि त्यानंतर जे झाले ते त्यानंतर झाले. ठोके विरळ झाले तेव्हा तिला काय होत होते ते मला माहीत नाही, आणि माहीत असल्याचा आव मी आणणार नाही. पण मी ज्या ठोक्याला हात थांबवला तो मदतीचा नव्हता.

मेहुणे म्हणतील, मधल्या काळात कोणी डिश नीट करून घेतली असेल. दुसऱ्या दिवशी तिरडीसाठी बांबू कमी पडला म्हणून माझी शिडी मोडून तिचे बांबू वापरले, हे स्वतः मेहुण्यांनी मला सांगितलेले आहे. नवी शिडी मी केलेली नाही. न्हाणीघराच्या स्लॅबवर जायला जिना नाही. पावसाळ्यातल्या वाऱ्याने डिश हलली असेल म्हणायचे तर वाऱ्याने बिघडते, बरोबर होत नाही.

मुलगी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, मी टीव्हीवरची चादर काढली. तिची खुर्ची जागेवर होती. तिच्यात बसलो नाही, उभाच राहिलो. बटण दाबण्यापूर्वी किती वेळ उभा होतो ते सांगत नाही. त्याचा या वादाशी संबंध नाही.

क्वालिटीची पट्टी शेवटपर्यंत भरलेली होती, आणि ते पान बंद केल्यावर आलेले चित्र स्वच्छ होते.