अण्णांच्या पंचाहत्तरीचं चित्र

माझ्या सासऱ्यांचा उजवा डोळा माझ्यामुळे गेला. (चित्रातला. पण समारंभाला हजर असलेल्यांना या खुलाशानं फारसं बरं वाटलं नव्हतं.)

सासरे म्हणजे अण्णा. निवृत्त व्यायामशिक्षक, मूळचे रत्नागिरीकडचे, राहायला भाईंदर पश्चिमेला मोरव्याच्या बाजूला. लग्न ठरवायला गेलो तेव्हा ते माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते ‘पाठ सरळ ठेवा’. पुढच्या काही वर्षांत आमचं संभाषण त्याच्या फारसं पलीकडे गेलं नाही. २००५च्या सुमाराला त्यांची पंचाहत्तरी आली, तेव्हा मी ठरवलं की आपण स्वतः त्यांचं चित्र काढायचं. त्यांनी एकदा ‘बरं जमलंय’ म्हणावं, एवढीच माझी अपेक्षा होती. बायको, वैशाली, म्हणाली, शर्टपीस दे आणि गप्प बस. मी ऐकलं नाही.

सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर जिग्नाबेन राहायच्या. त्या रविवारी ग्वाशचा क्लास घ्यायच्या. ग्वाश म्हणजे आपल्या शाळेतल्या पोस्टर कलरचा ट्यूबमध्ये राहणारा श्रीमंत भाऊ. पाण्यात कालवायचा, वाळला की मखमलीसारखा दिसतो. क्लासमध्ये सगळी चौथी-पाचवीतली मुलं आणि त्यांच्यात चटईवर मांडी घालून मी. जिग्नाबेनचे नियम मोजकेच होते. रंग सायीइतकाच दाट ठेवायचा. ओला रंग खोटं बोलतो, फिका वाळल्यावर गडद होतो आणि गडद फिका, म्हणून आधी कागदाच्या कपट्यावर वाळवून बघायचा. एकाच जागी ब्रश पुन्हा पुन्हा फिरवायचा नाही, खालचा थर विरघळून वर येतो. आणि चित्र तयार झालं की काचेखाली. ‘पानी का एक बूंद भी दुश्मन है, भाईसाहब.’ मी सगळ्याला मान डोलावली. मान डोलावणं मला फार चांगलं जमतं.

अण्णांचा वर्ण गव्हाळ. मी तो अगदी हुबेहूब कालवला, चेहरा भरला आणि चहा प्यायला गेलो. परत येऊन बघतो तर कागदावर कोणी वेगळेच गृहस्थ, दिवसभर मिठागरात उन्हात उभे राहून आल्यासारखे! (कपट्यावर वाळवून बघायचं राहिलं होतं.) मग वरून फिका थर दिला. तो वाळल्यावर अण्णा काविळीतून उठल्यासारखे दिसायला लागले. मग पुन्हा गडद. वैशाली येता-जाता एकदाच थांबली आणि म्हणाली, ‘अरे, हे आजारी आहेत का?’

त्यानंतर मिशी. अण्णांची मिशी पांढरीशुभ्र, झुपकेदार, सगळ्या शाळेला धाक असलेली. मी पांढरा रंग लावत गेलो आणि ब्रश खालचा तपकिरी थर उकरून वर आणत गेला. मिशी चहात बुडवून काढल्यासारखी झाली. मग चिडून मी पाणी न घालता ट्यूबमधला पांढरा सरळ बोटानं थापला. झाकला एकदाचा तपकिरी! दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मिशीला वैशाखातल्या शेतासारख्या भेगा पडल्या होत्या.

जिग्नाबेननी चित्र बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि हे कोण आहेत ते विचारलं. मी सांगितलं.

‘ये आपको पसंद करते हैं?’

मी म्हटलं, अजून नाही.

‘तो फिर काच ज़रूर लगाना,’ त्या म्हणाल्या.

फ्रेम केली, पण काच मी लावली नाही. काचेवर ट्यूबलाइट चमकेल आणि रंगाचा मखमली पोत कोणाला दिसणार नाही, असं मला वाटलं. (मिशी तडकलेली, आणि मी पोताची काळजी करतोय.)

समारंभाच्या दिवशी हॉलमध्ये होमाशेजारी खुर्चीवर चित्र ठेवलं. रत्नागिरीहून आलेल्या आत्येसासूबाई त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि मग त्यांनी हळूच विचारलं की अण्णांच्या शेजारी हे वारलेले कोण. मी पाणी प्यायला गेलो.

पंचाहत्तरीची शांत संपली. गुरुजींनी कलशातलं पाणी आंब्याच्या पानांनी घरच्यांवर शिंपडायला सुरुवात केली. गुरुजींचा हात सढळ होता. अण्णांवर पाणी पडलं, सासूबाईंवर पडलं, आणि एक मोठा शिडकावा थेट चित्रावर गेला. मी ‘गुरुजी’ म्हणेपर्यंत दुसरा गेला. चित्रातल्या अण्णांच्या डोळ्यांतून काळं पाणी निघालं आणि गालांवरून ओघळत मिशीच्या भेगांत शिरलं. ‘रडतायत की हो,’ मागून कोणीतरी म्हणालं.

सासूबाईंना आम्ही माई म्हणतो. माईंना राहवेना. पन्नासेक वर्षांच्या संसाराच्या मायेनं त्या पुढे झाल्या आणि पदरानं त्यांनी अण्णांचा डोळा पुसला. डोळा पदराला आला. त्या घाबरल्या, दुसऱ्या बाजूनं पुसायला गेल्या, तर नाक कानाकडे गेलं. नव्या पैठणीला माझा गव्हाळ रंग लागला, आणि तिथे मात्र तो अगदी हुबेहूब दिसत होता.

मला त्या होमात उडी घ्यावीशी वाटली, पण तो विझत आला होता.

अण्णा पाटावरून उठले. चित्रापाशी आले. हात मागे बांधून, शाळेतल्या कवायतीची पाहणी करावी तसं त्यांनी ते वरपासून खालपर्यंत बघितलं.

‘सुहासराव, हे पाण्यानं सगळं निघतं?’

‘हो, अण्णा.’

‘मग अर्धवट कशाला ठेवता?’

मी फ्रेम उचलली आणि हॉलमागच्या बेसिनवर गेलो. नळ सोडला. कपाळ, मिशी, उरलेला डोळा, सगळं निमूटपणे वाहून गेलं. माझ्या हातून कधी नव्हे इतकं सफाईदार काम झालं. नेमका तेव्हाच फोटोग्राफर मागून जात होता, आणि तो फोटो अल्बममध्ये लागला.

आजही कोणी पाहुणा तो अल्बम चाळताना तिथे थांबतो आणि विचारतो की हे जावई बेसिनवर काय करतायत. माई म्हणतात, ‘भांडी घासतायत हो. फार गुणी आहेत.’ मी दुरुस्ती करत नाही. त्या घरात माझ्याबद्दल याहून बरं अजून कोणी काही बोललेलं नाही.