कनकव्वाचं हैदराबाद

तीन दिवस हैदराबादला जाऊन यायचं, एवढं ठरायला आम्हा चौघींना दोन संक्रांती लागल्या. पहिल्या संक्रांतीला सत्तव्वा म्हणाली, "बायकांना बस फुकट झालीय. आधारकार्ड दाखवलं की शून्याचं तिकीट हातात. आणि दवाखान्याशिवाय आपण अजून करीमनगरच्या पुढं नाक नाही काढलं." मग पुढच्या संक्रांतीपर्यंत आम्ही त्यावर नुसत्या बोलतच राहिलो. विड्या वळताना हात गुंतलेले असतात, तोंड रिकामंच असतं ना.

आमची बैठक कनकव्वाच्या पडवीत. चौघींच्या मांडीवर चार सुपं, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. कनकव्वा साठीच्या पुढची, तिला मी अक्का म्हणते. सत्तव्वा माझी वदिना, नात्यानं भावजय आणि स्वभावानं फौजदार. तिची सून जमुना तिशीची, नवरा दुबईला, त्यामुळे गल्लीत सगळ्यात मोठा फोन तिच्याकडे. चौथी मी, नरसव्वा. माझ्याबद्दल लोक म्हणतात की नाकावर माशी बसू देत नाही. देत नाही, खरंच आहे. माशीनं दुसरीकडे बसावं.

हैदराबादचं नाव निघालं की भांडण ठरलेलं. सत्तव्वाला नुमाइशला जायचं होतं, जत्रेत मोठ्या पाळण्यात बसायचं होतं. जमुनाला मेट्रो, चारमिनार आणि चारमिनारच्या बाजूच्या बांगड्या. मला काय हवं होतं सांगू? सकाळी आठपर्यंत झोपायचं होतं, आणि उठल्यावर कुणीतरी केलेला चहा प्यायचा होता. यावर सत्तव्वा म्हणाली, "झोपायला हैदराबाद कशाला लागतं? इथंच झोप." मी म्हटलं, "इथं तू आहेस ना." बाजारात तुरी नि आमची मारामारी.

ती मिटवायची कनकव्वा. ती मान वर न करता, दोरा गुंडाळता गुंडाळता सांगायची. "मंगळवारी सत्तव्वा उंबरा ओलांडणार नाही, रविवारी नुमाइशला अख्खं हैदराबाद लोटतं. म्हणून बुधवारी सकाळी निघा, शुक्रवारी परत या. सालारजंग संग्रहालयातलं घड्याळ गुरुवारी बघा, शुक्रवारी ते बंद असतं."

जमुना कनकव्वाला अत्ता म्हणते, म्हणजे आत्या. तिनं लगेच फोनमध्ये बघितलं. "अत्ता, खरंच शुक्रवारी बंद आहे!"

"फोनला विचारून माझी परीक्षा घेतेस होय गं, बिड्डा, पोरी?"

"तसं नाही. पण फोन म्हणतो तिथून चारमिनार वीस मिनिटं चालत."

"फोनच्या पायाला भेगा आहेत का? रस्ता ओलांडायलाच दहा मिनिटं जातात तिथं. आणि चारमिनारला सकाळी सातला जा. तेव्हा कबुतरं आणि चहावाले, दोघंच असतात. चहा बसून प्या. उभ्यानं प्यायला लागलात की पोऱ्या कप ओढून न्यायला बघतो. नुमाइशमध्ये पदराला पदर बांधा. हरवलात तर शोधत फिरू नका, ज्या दुकानाशी हरवलात तिथंच उभ्या राहा."

आता तुम्ही म्हणाल, ही बाई हैदराबादला राहिलेली असणार. राहिलेली होती, पण कशी? सत्तावीस वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याला खोकल्याचा आजार झाला. तिथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात ती चार महिने होती. रात्री आवारातल्या लिंबाखाली अंग टाकायचं, दिवसा औषधाच्या चिठ्ठ्या घेऊन गावभर पायपीट करायची. त्या चार महिन्यांत हैदराबाद तिच्या पायांना पाठ झालं. नवरा वाचला नाही. ती परत आली, सूप मांडीवर घेतलं आणि तेव्हापासून गल्लीतलं कुणीही हैदराबादला जायचं म्हटलं की आधी तिच्या पडवीत येतं. दवाखाना, पासपोर्ट, परीक्षा, लग्नाचा बस्ता, काहीही असो. कुठं उतरायचं, कुणाशी हिंदीत बोलायचं, कुणाशी मुकाट राहायचं, सगळं ती सांगते. आणि निघायच्या दिवशी सकाळी मात्र तिच्या दाराला आतून कडी असते.

का, ते आमच्याकडच्या पोरालाही ठाऊक आहे. माणूस प्रवासाला निघाला की समोरून सवाष्ण यावी, पोरगी यावी, भरली कळशी यावी. मांजर नको, शिंक नको आणि विधवा तर नकोच. तसं कुणी आडवं आलं की माणूस परत घरात येतो, टेकतो, घोटभर पाणी पितो आणि मग पुन्हा निघतो.

कनकव्वाच्या दाराला ती कडी कुणामुळे लागली? माझ्यामुळे. सांगायला लाज वाटते, पण सांगते.

पंचवीस वर्षांपूर्वी माझा नवरा पहिल्यांदा दुबईला निघाला. कनकव्वाला विधवा होऊन दोन वर्षं झालेली. तिनं पहाटे उठून वाटेसाठी सकिनालू तळले होते. तिच्या हातच्या त्या तांदळाच्या चकल्या माझ्या नवऱ्याला फार आवडायच्या. डबा घेऊन ती धावत आली आणि नेमकी आम्ही उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं तेव्हा समोर. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हटलं, "आत्ताच यायचं होतं? स्वतःचं घालवलंस, आता माझंही घालवतेस?" सगळ्या गल्लीनं ऐकलं. ती डबा ओट्यावर ठेवून गेली.

नवरा आत आला, पाणी प्यायला, निघाला. बावीस वर्षं दुबईत कमावून धडधाकट घरी आला, आणि तीन वर्षांपूर्वी साखरेच्या दुखण्यानं आपल्याच खाटेवर गेला. म्हणजे त्या अपशकुनानं त्याचं काय वाकडं केलं? काही नाही.

आणि कनकव्वानं माझं काय केलं ते ऐका. माझी स्रवंती सहा वर्षांची असताना तिच्या हृदयाला भोक निघालं. नवरा परदेशात, मी कधी करीमनगर ओलांडलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, हैदराबादला न्या, उद्याच न्या. मी पोरगी कडेवर घेऊन कनकव्वाच्या दारात बसले, डॉक्टरांची चिठ्ठी तिच्यापुढं धरली. तिनं मागचं काही काढलं नाही. अंगणात रांगोळीच्या पिठीनं अख्खा दवाखाना काढला. हे फाटक, ही चिठ्ठीची खिडकी, इथं रांग मोडून घुसतात, घुसू द्यायचं नाही. हा जिना, ही लहान मुलांची खोली. हा नळ, याचंच पाणी प्यायचं. दुपारभर तिनं मला त्या अंगणातून चालवलं, चुकले की परत फाटकापासून. दुसऱ्या दिवशी मी खरोखर त्या फाटकात उभी राहिले, तेव्हा हजार माणसांत मी एकटीच अशी होते जिला कुठं जायचं ते माहीत होतं. स्रवंती वाचली. आज शाळेत पोरांना शिकवते. त्यात देवाचा हात असेल, डॉक्टरांचा तर आहेच, पण माझ्या डोळ्यांपुढं ती पांढरी पिठीच येते.

आणि त्या सकाळी मी पोरीला घेऊन निघाले, तेव्हा कनकव्वाच्या दाराची कडी लागलेली ऐकू आली. खरं सांगू? मला बरं वाटलं. जिनं मला वाट शिकवली, ती समोर आली नाही म्हणून मला बरं वाटलं.

असो. तर या संक्रांतीनंतर बेत पक्का झाला. दोन आठवडे आम्ही जास्तीच्या विड्या वळून ठेवल्या. काचीगुड्याजवळ समाजाची धर्मशाळा आहे, तिथं कनकव्वानंच जमुनाच्या फोनवरून बोलणं केलं. तिची ती हैदराबादी हिंदी ऐकत आम्ही हसत होतो. तेवढ्यात ती म्हणाली, "हौ भई, तीन औरतां. तीन बिस्तर."

माझं हसू थांबलं. "तीन? आपण चौघी आहोत."

तिनं फोन जमुनाला दिला आणि सूप पुढं ओढलं. "माझ्या कोंबड्यांना कोण बघेल?"

"कोंबड्यांना शेजारी बघतील. नाहीतर मी कापून खाईन, प्रश्नच मिटला."

"तुम्ही जाऊन या गं. मी बघितलंय हैदराबाद."

"काय बघितलंयस? चार महिने राहून चारमिनारवर चढली नाहीस. नुमाइशचा पाळणा बाहेरूनच बघितलास. तूच सांगितलंस ना?"

सत्तव्वानं मला कोपर मारलं, म्हणजे सोड आता. मी कुठली सोडते! संध्याकाळी दोघी गेल्यावर मी तिथंच बसून राहिले. शेवटी तीच बोलली.

"नरसा, मी त्या गावाला माणूस घेऊन गेले आणि एकटी परत आले. माझ्या सोबतीनं कुणी तिकडं जाऊ नये. जमुनाचा नवरा परदेशात आहे. उद्या काही कमीजास्त झालं तर सत्तव्वा बोलणार नाही, पण तिच्या मनात येईल. मला ते नको."

"मी बोलले होते ते अजून तुझ्या मनात आहे, अक्का?"

मला वाटलं, म्हणेल की काय बोलली होतीस, मला आठवत नाही. माणसं तसंच म्हणतात. ती म्हणाली, "आहे."

मी घरी आले. जेवले नाही. माझाही नवरा गेला तेव्हापासून लग्नाघरी, बारशाला मी आपोआप मागच्या रांगेत बसते. कुणी बस म्हणत नाही, पाय आपले आपणच जातात. ती पंचवीस वर्षं तशी बसलीय, आणि पहिल्यांदा तिला तिथं बसवलं ते मी.

बुधवार उजाडला. सत्तव्वानं सगळी व्यवस्था लावलेली. समोरून यायला शेजारची नवी सून, हळदकुंकू लावून, कळशी भरून तयार. आम्ही निघणार तेवढ्यात जमुना शिंकली. सत्तव्वा ओरडली, "बसा!" सगळ्या बसलो, पाणी प्यायलो. उठलो, तर जमुना पुन्हा शिंकली. तंबाखूत जन्म गेलेल्या बाया, आम्हाला शिंका येणार नाहीत तर काय येणार? परत बसलो. दुसऱ्यांदा पाणी पिताना पहिल्या बसचा हॉर्न ऐकू आला आणि ती गेलीसुद्धा.

मी पिशवी खाली टाकली. नव्या सुनेच्या हातातली कळशी घेतली, ओट्यावर ठेवली आणि सरळ कनकव्वाच्या दारावर हात मारला.

"अक्का, दार उघड."

कडी हलली नाही.

"ऐक. पंचवीस वर्षांपूर्वी मी गल्लीत ओरडून बोलले, आज गल्लीत ओरडूनच सांगते. मी चुकले. माझा नवरा बावीस वर्षं सुखरूप राहिला, माझी पोरगी जिवंत आहे. तू समोर आलीस म्हणून माझं कधी काही गेलं नाही. उलट माझ्या घरात जे आहे त्यातलं निम्मं तुझ्यामुळे आहे. तुझे उपकार मी फेडू शकत नाही, आणि तोंडानं कधी बोललेही नाही. आज तू समोरून आल्याशिवाय मी या गल्लीतून पाऊल टाकणार नाही. दुसरी बस गेली तरी चालेल."

सत्तव्वा मागून म्हणाली, "नरसव्वा, सकाळी सकाळी काय हे!" पण तिच्या आवाजात जोर नव्हता.

कडी निघाली. कनकव्वा दारात. आंघोळ झालेली, केस चापून बसवलेले, अंगावर निळं नवं लुगडं.

"कोंबड्यांसाठी एवढी नटलीस?" मी म्हटलं.

तिला हसू आलं, पण डोळे भरलेले होते. "येते मी समोरून," ती म्हणाली. "तुझ्या समोरून येते. पण मग मलाही निघायचं असेल तर माझ्या समोरून कोण येणार? नवऱ्याला घेऊन निघाले त्या दिवशी या गल्लीतली सगळी दारं लागलेली होती. रोगाच्या भीतीनं. तुझंही लागलेलं होतं, नरसा. तू तेव्हा नवी नवरी होतीस."

नवी सून कळशीकडे हात नेऊन थांबली. ती उचलायच्या आधी मीच उचलली.

"मी येते."

"अगं, पण तू पण..." सत्तव्वा बोलता बोलता थांबली.

"मी पण काय? बोल की, वदिना."

सत्तव्वानं खाली बघितलं. मग म्हणाली, "पदर खोच नीट. सांडशील."

मी गल्लीच्या टोकापर्यंत गेले, मारुतीच्या देवळाशी वळले आणि कळशी डोक्यावर घेऊन परत यायला लागले. आजवर मी कुणाच्या समोरून कधी अशी आले नव्हते. समोरून येणाऱ्याला काय दिसतं हे मला माहीतच नव्हतं. निघालेला माणूस तुमच्या तोंडाकडे बघत असतो, आपलं बरं होणार की नाही ते तो तुमच्या तोंडावर शोधत असतो. कनकव्वा तशी बघत उभी होती. साठी ओलांडलेली बाई, आणि पहिल्या दिवशी शाळेच्या दारात उभं केलेलं पोर बघतं तशी. अर्धं पाणी माझ्याच खांद्यावर सांडलं.

मी जवळ पोचले तेव्हा तिनं माझ्या ओल्या खांद्यावर हात ठेवला.

"तू आलीस," ती म्हणाली. "आता काही होत नाही मला."

आणि तिनं उंबरा ओलांडला.